आजारपणाचा जमाखर्च

नसरापूरच्या बनेश्वर मंदिराची माहिती देताना एक आकडा आवर्जून सांगितला जातो. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७४९ मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराच्या बांधकामास ११,४२६ रुपये, ८ आणे आणि ६ पै इतका खर्च आला, असा तो आकडा. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाने रुपयांवर थांबायचे ठरविले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता; पण त्याने आणे आणि पैही सोडली नाही. ज्या गावात पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका बांधकामाचा हिशेब पैसह सांगितला जातो, त्याच गावातील किती कुटुंबांना गेल्या वर्षी आपल्या घरात औषधपाण्यावर किती पैसे गेले, हे सांगता येईल? मी हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. मग तो शाळेतील सहकाऱ्यांना विचारला. कोणी शस्त्रक्रियेचे बिल सांगितले, कोणी बाळंतपणाचे. वर्षाची बेरीज मात्र एकालाही सांगता आली नाही.

आपला समाज हिशेबाला विन्मुख आहे, असे म्हणता येणार नाही. दुधाचा रतीब दिनदर्शिकेवर लिहिला जातो. वाण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला ताडून पाहिली जाते. लग्नात कोणी काय आहेर केला, याची वही पंचवीस वर्षे जपून ठेवली जाते आणि परतीचा आहेर करताना ती न चुकता उघडली जाते. मग आजारपणाचाच हिशेब का ठेवला जात नाही? याचे मुख्य कारण संकोच हे असावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी बसून पैशांची बेरीज करणे आपल्याला अशोभनीय वाटते. 'माणूस घरी परत आला, यातच सगळे आले,' असे म्हणून वडीलधारी मंडळी विषय मिटवितात. ही भावना थोर आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु न लिहिल्याने खर्च टळत नाही. तो पतसंस्थेच्या हप्त्यांत, गहाण पडलेल्या दागिन्यांत किंवा महामार्गालगतच्या विकलेल्या गुंठ्यांत पुढे वर्षानुवर्षे वसूल होत राहतो. आणि मुळात तो कशाकशाचा होता, हे सांगायला घरात कोणी उरत नाही.

पिशवीतील कागद

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पुण्यातील एका रुग्णालयात अकरा दिवस ठेवावे लागले. ते बरे होऊन घरी आले. रुग्णालयाचे बिल १ लाख ३८ हजार रुपये झाले होते, आणि भेटावयास येणाऱ्या प्रत्येकाला मी 'एवढा खर्च आला' म्हणून तोच आकडा सांगत असे. पुढे वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव तयार करण्याची वेळ आली, तेव्हा कागदांची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. तीन वेगवेगळ्या औषधदुकानांच्या पावत्या तीत होत्या. काही पावत्यांवरील अक्षरे इतकी उडाली होती, की वर छापलेल्या दुकानाच्या नावापलीकडे काही वाचता येत नव्हते. काहींवर रुग्णाचे नावच नव्हते. रक्ताची एक तपासणी चार दिवसांत दोनदा केलेली दिसली. पहिला अहवाल डॉक्टरांनी मागितला त्या वेळी आम्हाला तो सापडला नव्हता, म्हणून ती पुन्हा करावी लागली होती.

धाकटा भाऊ, पत्नी आणि मी असे तिघे तीन संध्याकाळ बसलो आणि आठवून आठवून यादी केली. बाहेरून आणलेली औषधे, तपासण्या, रिक्षाभाडे, सोबतीला राहणाऱ्यांचे जेवण, खेड शिवापूरजवळच्या कारखान्यात भावाचे पडलेले अकरा खाडे, हातउसन्या रकमेतील काहींवर द्यावे लागलेले व्याज. ही बेरीज ६१ हजारांवर गेली. म्हणजे एकूण खर्च जवळजवळ दोन लाख रुपये होता, आणि मी ज्याला खर्च म्हणत होतो, तो त्याचा जेमतेम सत्तर टक्के होता. औषधांच्या पावत्यांपैकी १९ हजार रुपयांच्या पावत्या प्रस्तावाला जोडता आल्या नाहीत. यात दोष कोणाला द्यावा? मूळ पावतीवाचून रक्कम मंजूर करणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नसते. चूक आमची होती, आणि ती १९ हजारांची होती.

विस्मरणाची किंमत

माझा अनुभव अपवादात्मक नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे कर्मचारी आरोग्यावरील खर्चाची माहिती घेण्यास घरोघर जातात, तेव्हा रुग्णालयात दाखल झालेल्या आजारांची चौकशी मागील ३६५ दिवसांची करतात. दाखल न होता घेतलेल्या उपचारांबाबत मात्र मागील १५ दिवसांचेच विचारतात. यामागील कारण उघड आहे. मोठे आजारपण वर्षभर स्मरणात राहते. ताप, खोकला, गुडघेदुखी, दातदुखी यांवर झालेला खर्च पंधरवड्यानंतर मनातून पुसला जातो. वास्तविक रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी महिन्यामागून महिने, किंबहुना जन्मभर घ्यावी लागते. ज्या खर्चाला शेवट नाही, तोच आपल्या स्मरणातून सर्वांत आधी निसटतो.

याच सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत असे आढळले, की ग्रामीण भागात बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खाजगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता. प्रवास, सोबत्याचा निवास व जेवण यांचा खर्च या आकड्यांत धरलेला नाही. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात घरोघर जाऊन केलेली पाहणी मुंबईच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. शासन आरोग्यावर काय खर्च करते याचे आकडे अंदाजपत्रकात सापडत. पण लोक स्वतःच्या खिशातून त्याहून कितीतरी अधिक खर्च करतात, ही गोष्ट अशा पाहणीवाचून उजेडात आली नसती. याचे कारण साधे आहे. शासनाच्या खर्चाची वही असते. घराच्या खर्चाची नसते.

आमच्या भागात या अलिखित खर्चात आणखी भर पडते. नसरापुरात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, खाजगी दवाखाने आहेत, औषधांची दुकाने आहेत. आता राजगड हे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यातील खोऱ्यांतून माणसे याच रस्त्याने खाली उतरतात. पुढे भोरचे सरकारी रुग्णालय गाठायचे, की चेलाडी फाट्यावर उभे राहून पुण्याची गाडी धरायची, हा निर्णय पुष्कळदा रस्त्यावरच आणि घाईत घेतला जातो. गाडीभाडे, एक दिवसाची बुडालेली मजुरी, शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलेली जनावरे, यांची पावती कोणी देत नाही. पण ज्या घरात हातावर पोट आहे, तेथे 'उद्या बघू' असे म्हणून आजार अंगावर काढला जातो, तो पुष्कळदा या पावती नसलेल्या खर्चाच्याच धास्तीने.

नोंदीचा उपयोग

हिशेब ठेवून काय साधते, असा प्रश्न येथे विचारला जाईल. पहिला लाभ रोकड आहे. शासकीय कर्मचारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांना नियमांच्या चौकटीत खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. विमा असणाऱ्यांना दावा करता येतो. मात्र दोन्हीकडे कागद आणि मुदत यांवाचून काही चालत नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्यविमा नसेल, तर त्याच्या औषधोपचारावरील वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट घेता येते; पण ती रोखीने दिलेल्या पैशांना मिळत नाही. किती निवृत्त शिक्षक आपले औषध रोखीने घेतात आणि ही वजावट गमावतात, याची कल्पना आपल्या आसपास पाहिले, तरी येईल.

दुसरा लाभ असा, की आपण कशाचे पैसे देत आहोत, हे विचारण्याची सवय लागते. हा अधिकार कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. रुग्णाचे केसपेपर गोपनीयतेच्या सबबीवर रुग्णालाच नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. वैद्यक व्यवसायाच्या आचारसंहितेतील २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपावयाची असतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत त्यांच्या प्रती द्यावयाच्या असतात. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा प्रमुख सेवांचे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक ठरले. ही तरतूद कागदावर आहे; पण भिंतीवर दरपत्रक नसेल, तर ते कुठे आहे, असे विचारणारा माणूसही समोर असावा लागतो.

तिसरा लाभ, मोफत किंवा सवलतीत काय मिळू शकले असते, हे कळण्याचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयाने तिची मर्यादा दर कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर नेली गेली. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार बंधनकारक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील व आरोग्य केंद्रांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. या सर्वांची चौकशी उपचारांपूर्वी करावयाची असते. पैसे भरून घरी आल्यानंतर केलेल्या चौकशीचा उपयोग बहुधा होत नाही. आजारपणाच्या वहीच्या पहिल्या पानावर शिधापत्रिकेचा आणि विम्याचा तपशील लिहिलेला असेल, तर हा प्रश्न वेळेवर सुचतो.

चौथा लाभ पैशांचा नसून उपचारांचा आहे. कोणते औषध केव्हा सुरू झाले, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले, मागील तपासणीत साखर किती होती, हे डॉक्टर विचारतात, तेव्हा आपण 'ती पांढरी गोळी' असे उत्तर देतो. ज्या ओळीत औषधाची किंमत लिहिली, त्याच ओळीत त्याचे नाव आणि तारीख लिहिली, तर खर्चाची वही हीच प्रकृतीची वही होते.

वही कशी ठेवावी

यासाठी काही मोठा खटाटोप करावा लागत नाही. एक जाड वही पुरते. घरातील प्रत्येक माणसाला त्यात स्वतंत्र पाने द्यावीत. तारीख, त्रास काय, कोणाकडे दाखविले, औषध वा तपासणी कोणती, रक्कम किती, ती रोखीने दिली की कसे, आणि पावतीचा क्रमांक, एवढे रकाने आखावेत. कचेरीत काम करणाऱ्यांना हे सांगावयास नको. तेथे प्रत्येक रकमेला प्रमाणक लागते, तोच नियम घरी लावावयाचा. पावतीवर रुग्णाचे नाव आणि डॉक्टरांचे नाव घालून घ्यावे. अलीकडे उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे काही महिन्यांत उडतात, म्हणून तिची त्याच आठवड्यात छायाप्रत काढून दोन्ही एकत्र टाचून ठेवावे. प्रवास, जेवण, खाडे यांसाठी एक वेगळा रकाना असावा; पावती नसली, तरी रक्कम लिहावी. रुग्णालयात असताना दररोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचे बिल मागून पाहावे. अकराव्या दिवशी अकरा दिवसांचा कागद हाती आला, तर त्यातील काहीही पडताळता येत नाही. महिन्याच्या अखेरीस बेरीज करावी आणि ती घरात सर्वांना वाचून दाखवावी.

ज्या घरात मोठ्यांना लिहिण्याची सवय नाही, तेथे हे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. आजीच्या औषधांची नावे आणि किंमती लिहिताना नववी-दहावीतील मुलाला वैद्यक, व्यापार आणि अंकगणित यांचे जे शिक्षण मिळेल, ते पाठ्यपुस्तकातील नफातोट्याच्या उदाहरणांतून मिळणार नाही. ही वही घराची खाजगी वस्तू आहे. ती वर्गात दाखवावयाची नाही, एवढे पथ्य मात्र शिक्षकांनी पाळले पाहिजे.

एक आक्षेप

या सर्वांवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. औषधोपचार परवडेनासे होणे, हा व्यवस्थेचा प्रश्न असताना गरिबाच्या हाती वही देणे, म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्येच मांडले होते. (या समितीचा आमच्या भोरशी संबंध नाही, नावाचे साम्य तेवढे आहे.) देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून दिलेला हिस्सा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतार दिसतो, तरी शंभरातील एकोणचाळीस रुपये तेव्हाही खिशातूनच जात होते. हिशेबाच्या वहीने हा भार हलका होणार नाही, हे मी मान्य करतो.

परंतु भार किती आहे, हे दाखविल्यावाचून तो उतरविण्याची मागणीही करता येत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. ओळखीच्या एका रुग्णाला लावलेल्या किमतीबद्दल दिल्लीतील एका वकिलाला प्रश्न पडला आणि त्याने तेथील उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविण्यात आली. त्यापूर्वी याच वस्तूसाठी रुग्णांना अनेकदा याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागत असे. कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांसाठी दर ठरवून दिले आणि बिले तपासण्यास लेखापरीक्षक नेमले. तेव्हाही ज्यांच्या हाती तपशीलवार बिल होते, त्यांचीच तक्रार उभी राहू शकली. 'फार पैसे घेतले हो' ही कुरकूर असते. अमुक तारखेला, अमुक गोष्टीसाठी, अमुक रक्कम, ही तक्रार असते. प्रामाणिक डॉक्टरांना अशा नोंदीचे भय वाटण्याचे कारण नाही. संशयाचे वातावरण तपशील लपविल्याने दाटते आणि दाखविल्याने निवळते.

रिकामे पान

वडिलांच्या आजारपणानंतर आम्ही घरात वही सुरू केली. वर्षअखेरीस बेरीज करताना रकमेपेक्षा वेगळीच गोष्ट माझ्या ध्यानात आली. वडिलांची पाने भरली होती, मुलांची भरली होती, माझ्या दाढदुखीलाही अर्धे पान मिळाले होते. आईच्या पानावर वर्षभरात केवळ दोन नोंदी होत्या, त्याही औषधदुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांच्या. ती आजारी पडत नव्हती, असे नव्हे. 'मला काय धाड भरलीय, उगाच खर्च कशाला?' असे म्हणून ती प्रत्येक वेळी प्रसंग टाळीत आली होती, आणि आम्हा शिकलेल्या माणसांना ते सोयीचे वाटत आले होते. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. तो किती दिवसांपासून वाढलेला होता, हे कोणालाच सांगता आले नाही. कारण त्याची कोठेच नोंद नव्हती.

आता तिच्या पानावर दर महिन्याला ओळी वाढतात. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळत असल्याने रक्कम फारशी होत नाही. पण तारीख, रक्तदाबाचा आकडा आणि गोळीचे नाव मी न चुकता लिहितो. घरोघरी अशी वही उघडली, तर कोठे पैसा फार गेला ते कळेल, आणि कोणावर तो कधीच खर्च झाला नाही, हेही कळेल. या दुसऱ्या गोष्टीसाठी तरी शिक्षकांनी, कचेरीतील मंडळींनी आणि विद्यार्थ्यांनी येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ही वही घालावी, आणि पहिले पान घरातील ज्या माणसाने आजवर कधी काही मागितले नाही, त्याच्या नावाने लिहावे.